पुढचं पान

कोल्हापूरच्या एका छायाचित्रकार काकांचा फोन सपोर्टच्या मुलाने माझ्याकडे वळवला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. काका लग्नाचे फोटो काढतात. त्यांच्या स्टुडिओत आमच्या कंपनीचा स्टोरेजचा डबा आहे, चार डिस्कचा. विजेच्या लपंडावात डब्याची मुख्य सिस्टिम सुरू होईनाशी झाली, म्हणून त्यांना रेस्क्यू मोडमधून सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला सांगितलं होतं. कॉपी पूर्ण झाली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत तसं आलंही.

"मॅडम, डबा म्हणतोय सगळ्या फायली आल्या. पण एका लग्नात हळद आहे, अक्षता आहेत, आणि जेवणावळीच्या मधेच फोटो संपलेत बघा. पाठवणीचा एक बी नाही. बाकी ठीक वाटतंय. आता मूळ डिस्क फॉरमॅट करून परत डब्यात घालू का?"

मी उभीच राहिले. "काका, फॉरमॅट करू नका. डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि मी सांगेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

त्यांच्या वहीत त्या लग्नाचे, खराब काढून टाकल्यावर उरलेले फोटो १२,०४० लिहिलेले होते. कॉपीत आले होते ७,१६८.

रेस्क्यू मोड म्हणजे डब्यातल्या छोट्या फ्लॅश चिपवर बसवलेली एक अगदी लहान ऑपरेटिंग सिस्टिम. मुख्य लिनक्स उठेनासं झालं की ही उठते, डिस्क वाचते आणि बाहेर कॉपी करून देते. डिस्कवर लिहिणारी एकही ओळ तिच्यात नाही, ते मुद्दाम. डिस्कवर असते बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे फायली डिस्कवर कशा मांडायच्या ती लिनक्सची एक पद्धत, आणि ती वाचणारा कोड आमचा स्वतःचा, त्यातला बराचसा मीच तीन वर्षांपूर्वी लिहिलेला. त्यामुळे फोन ठेवल्यावर कुणाकडे बोट दाखवायचा प्रश्न नव्हता.

पहिला संशय डिस्कवरच घेतला जातो. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातला आमचा सर्व्हिसवाला पेनड्राइव्हवर साधं लिनक्स घेऊन गेला आणि तीच डिस्क त्याने फक्त वाचण्यापुरती जोडून उघडली. १२,०४० फोटो, सगळेच्या सगळे. पाठवणीसकट. त्या क्षणी काकांना हायसं वाटलं असेल. मला उलट घाम फुटला. डिस्क धडधाकट, फोटो जागेवर, आणि आमच्या सिस्टिमने पाच हजारांच्या आसपास फोटो न बघताच 'सगळं झालं' म्हणून सांगितलं होतं. काकांनी अल्बम चाळला नसता तर रात्रीपर्यंत मूळ डिस्क कोरी झाली असती.

फोटो पुण्याला मागवायची गरज नव्हती. बीटीआरएफएसच्या साधनांमध्ये एक असं आहे जे फायलींचा मजकूर सोडून फक्त नोंदींचं झाड उचलतं, आणि सांगितलं तर फायलींची नावंही तितक्याच अक्षरांच्या निरर्थक नावांनी बदलून देतं. कुणाच्या घरच्या लग्नाचं काहीही आमच्याकडे न येता झाडाचा अचूक आकार तेवढा आला. झाडाच्या या प्रतीला आम्ही प्रतिमा म्हणतो. ती लॅपटॉपवर उघडली, आमचा वाचक, म्हणजे डिस्क वाचणारा तो कोड, तिच्यावर चालवला. ७,१६८. पुन्हा चालवला. ७,१६८. बग हाताशी येऊन बसला की अर्धी लढाई संपते, असं मला नेहमी वाटतं. या वेळी मात्र अर्ध्याहून बरंच उरलं होतं.

इथे झाडाबद्दल थोडं सांगायला हवं.

बी-ट्री ही नोंदी क्रमाने ठेवायची झाडासारखी रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी १९७० च्या सुमारास बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत असताना मांडली. बीटीआरएफएसमध्ये जवळजवळ सगळंच अशा झाडांमध्ये असतं. मूळ वर, पानं खाली. प्रत्येक नोड म्हणजे डिस्कवरचा १६ केबीचा एक ठोकळा. खऱ्या नोंदी फक्त पानांत असतात. वरच्या नोड्समध्ये 'या चावीपासून पुढचं अमुक ठोकळ्यात' एवढेच पत्ते. चावीला तीन भाग: वस्तूचा क्रमांक, नोंदीचा प्रकार आणि एक जादा आकडा. नोंदी याच क्रमाने लावलेल्या असतात. फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या दोन नोंदी होतात. एक नावाच्या हॅशवरून, म्हणजे नावापासून काढलेल्या आकड्यावरून शोधण्यासाठी, प्रकार ८४. आणि दुसरी फाइल कितव्या क्रमांकाने फोल्डरात आली त्याची, प्रकार ९६. यादी करायची असेल तर या दुसऱ्या प्रकारच्या नोंदी एकामागून एक वाचत जायचं.

एक पान संपलं की पुढचं पान कुठे? बऱ्याच डेटाबेसच्या झाडांत प्रत्येक पान शेजारच्या पानाचा पत्ता जवळ बाळगतं, त्यामुळे सरळ चालत जाता येतं. बीटीआरएफएसमध्ये तसा पत्ता नाही आणि नसण्याला कारण आहे. ही फाइल सिस्टिम जुना ठोकळा जागेवर बदलत नाही, नवी प्रत दुसरीकडे लिहिते. पानांनी एकमेकांचे पत्ते धरले असते तर एक पान हलल्यावर शेजाऱ्याकडचा पत्ता बदलावा लागला असता, म्हणजे शेजारीही हलला, मग त्याचा शेजारी, आणि असं करत सगळी रांगच हलली असती. प्रती करत जाणारी झाडं हे पत्ते सोडून देऊन कशी बांधायची ते आयबीएममधल्या ओहाद रोडेह यांनी २००७ मध्ये मांडलं. त्याच वर्षी क्रिस मेसन यांनी ओरॅकलमध्ये असताना बीटीआरएफएसचं काम जाहीर केलं आणि २००९ च्या लिनक्स २.६.२९ मध्ये ती आली. तेव्हा इथे पुढचं पान हवं असेल तर आलेल्या वाटेने वर जावं लागतं, पुढचा पत्ता घ्यावा लागतो आणि पुन्हा खाली उतरावं लागतं. चाळीत एका जिन्यावरच्या शेवटच्या खोलीतून शेजारच्या जिन्यावरच्या पहिल्या खोलीत जायचं तर भिंतीतून जाता येत नाही. आधी जिना गाठावा लागतो, तसं.

आता तो आकडा. ७,१६८ म्हणजे ५१२ गुणिले १४. असा आकडा अपघाताने येत नाही. आमचा कॉपी करणारा प्रोग्राम यादी एकदम घेत नाही, ५१२ नावांच्या थप्प्या मागतो. एक थप्पी झाली की शेवटच्या फाइलचा क्रमांक लक्षात ठेवतो, झाड सोडून देतो, त्या फायली कॉपी करतो आणि मग परत येऊन म्हणतो, 'याच्या पुढच्या क्रमांकापासून शोध.' चौदाव्या थप्पीनंतरच्या या शोधात काहीतरी बिनसत होतं.

मी डीबगर, म्हणजे कोड पायरी-पायरीने चालवून आत बघायचं साधन, लावून ती जागा पकडली. चौदाव्या थप्पीतला शेवटचा फोटो त्याच्या पानातली शेवटची नोंद होता. बारा अक्षरी नाव असेल तर अशी एक नोंद ६७ बाइटची होते, म्हणजे एका पानात २४३ मावतात. त्यामुळे थप्पीचा शेवट आणि पानाचा शेवट एकाच ठिकाणी पडणं वारंवार घडत नाही, पण घडतं. एवढ्याने मात्र बिघडायला नको होतं. पुढचा क्रमांक पुढच्या पानातली पहिली नोंद असेल, तर वरच्या नोडमध्ये ती चावी जशीच्या तशी लिहिलेली असते आणि शोध बरोबर त्या पानात उतरतो.

पण पुढचा क्रमांक नव्हताच. तो फोटो काकांनी पुसला होता.

लग्नाचं काम करणारा कुणीही हेच करतो. सगळे फोटो डब्यात टाकायचे, मग निवांत बसून डोळे मिटलेले, हललेले, काळे पडलेले काढून टाकायचे. बीटीआरएफएस ते मधले क्रमांक पुन्हा वापरत नाही, तिथे भोक राहतं. आणि नसलेली चावी शोधली, तर शोध 'सापडली नाही' असं सांगून ती असती तर जिथे घातली असती ती जागा दाखवतो. इथे ती जागा होती जुन्या पानातल्या शेवटच्या नोंदीच्या पलीकडे. नोंदी १९१ असतील तर क्रमांक शून्यापासून १९० पर्यंत. शोधाने बोट ठेवलं १९१ वर. त्या जागी काहीही नाही. इथे कोडने विचारायला हवं होतं की बोट पानाबाहेर तर नाही ना, आणि असेल तर पुढच्या पानावर जायला हवं होतं. माझ्या कोडने न विचारता तिथून चावी वाचली.

तिथे शून्यं होती. पानात नोंदींची शीर्षकं सुरुवातीपासून भरत जातात आणि त्यांचा मजकूर शेवटाकडून, मधे मोकळी जागा. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, २०१६ पासून पान डिस्कवर लिहिताना ही मोकळी जागा शून्यांनी भरतं. माझ्या कोडने शून्य क्रमांकाची वस्तू वाचली, ती या फोल्डरची नाही हे बरोबर ओळखलं आणि त्यावरून निष्कर्ष काढला की फोल्डर संपलं. तपासणी होती. चुकीच्या बाइटांवर होती.

हे कळल्यावर मला साधारण वर्षापूर्वीची एक तक्रार आठवली. खूप जुन्या डब्यावर रेस्क्यू मोडमध्ये पुसलेली एक फाइल यादीत परत दिसते, अशी. आम्ही डिस्क जुनी झाल्याचा शेरा मारून ती बंद केली होती. ती उघडून पाहिली. त्या डब्यावरचं कर्नल २०१६ च्या आधीचं होतं, म्हणजे मोकळ्या जागेत शून्यं नव्हती, जुन्याच नोंदी पडून होत्या. पान भरून त्याचे दोन झाले तेव्हा उजवीकडे गेलेल्या नोंदींच्या खुणा डाव्या पानात राहून गेल्या. पुढे उजव्या पानातली फाइल पुसली गेली, डावीकडची खूण तशीच. आमचं बोट पानाबाहेर पडून बरोबर त्या खुणेवर टेकत होतं. तोच बग, नवीन डिस्कवर फायली लपवणारा आणि जुन्या डिस्कवर गेलेल्या फायली उभ्या करणारा. ती तक्रार तेव्हा नीट पाहिली असती तर काकांवर ही वेळ आली नसती, हे मला अजून लागून राहिलं आहे.

दुरुस्ती तीन ओळींची. शोधानंतर बोट नोंदींच्या संख्येइतकं किंवा जास्त असेल तर 'पुढचं पान' हे फंक्शन बोलवा. वाचक चालवला: १२,०४०.

इथे थांबावंसं वाटलं होतं. पण एका फोल्डरचा आकडा काकांच्या वहीमुळे कळला. बाकीच्या फोल्डरांची वही कुणाकडे आहे? आमच्याच वाचकाने केलेली यादी बरोबर आहे की नाही ते आमच्याच वाचकाला विचारून उपयोग नव्हता. दोन दिवस याच विचारात गेले, आणि उत्तर झाडातच सापडलं. बीटीआरएफएसमध्ये फोल्डरच्या इनोडमध्ये, म्हणजे त्या फोल्डरची स्वतःची माहिती असलेल्या नोंदीत, एक आकार लिहिलेला असतो, आणि तो असतो आतल्या सगळ्या नावांच्या लांबीच्या बेरजेची दुप्पट. दुप्पट, कारण प्रत्येक नाव दोन नोंदींत येतं. नवी फाइल आली की आकार वाढतो, पुसली की घटतो. म्हणजे यादी करताना नावांची लांबी मोजत जायची, दुप्पट करायची, आणि शेवटी इनोडमधल्या आकड्याशी ताडून बघायची. काकांच्या त्या फोल्डरचा आकार २,८८,९६० होता: १२,०४० नावं, प्रत्येकी १२ अक्षरं, दुप्पट. जुन्या कोडची बेरीज भरत होती १,७२,०३२. किती सोपं. ही ताडणी पहिल्या दिवसापासून असती तर हिरवी अक्षरं कधीच आली नसती. प्रतिमेत नावं निरर्थक होती, पण लांबी तीच असल्यामुळे ताडणी तिथेही चालत होती.

मी ती संपूर्ण प्रतिमेवर सोडली. सगळी फोल्डरं जुळली, एक सोडून.

त्या एकात आकार होता ४,४०,४००, बेरीज ३,३३,६७२. म्हणजे १८,३५० फोटोंपैकी यादीत १३,९०३. हा आकडा ५१२ च्या पाढ्यात बसत नव्हता, तेव्हा थप्पीचा यात हात नव्हता. काकांना या फोल्डरमधलं काही गेल्याचं माहीतसुद्धा नव्हतं. 'बाकी ठीक वाटतंय' असं ते म्हणाले होते.

त्याच दुपारी आमच्या टीममधले ज्येष्ठ सहकारी माझा पहिला पॅच, म्हणजे ती तीन ओळींची दुरुस्ती, तपासत होते. पुण्यात स्टोरेजचं काम करत त्यांचे केस पांढरे झालेत. ते पॅच वाचतात म्हणजे बदललेल्या ओळी वाचून थांबत नाहीत; त्या ओळी ज्या फंक्शनला बोलावतात तेही उघडतात. ते माझ्या टेबलापाशी आले.

"अगं, हे तुझं पुढचं पान. पान संपलं की बापाकडे, म्हणजे वरच्या नोडकडे जातं, बापाकडचा पुढचा पत्ता घेतं. आणि बापही संपला असेल तर?"

"तर झाड संपलं," मी म्हणाले. कोडमध्ये तसं लिहिलेलंही होतं.

"का? आजोबा नाहीत?"

मी फळ्यावर काढायला गेले आणि निम्म्यातच मला दिसलं. झाडाला दोनच पातळ्या असतील, एक मूळ आणि खाली पानं, तर माझं वाक्य खरं आहे. बाप म्हणजेच मूळ, आणि मूळ संपलं म्हणजे झाड संपलं. तीन वर्षांपूर्वी हा कोड ज्या प्रतिमांवर तपासला त्या सगळ्या दोनशे-तीनशे फायलींच्या होत्या. १६ केबीच्या नोडमध्ये १०१ बाइटचं शीर्षक सोडलं तर ३३ बाइटचा एक असे ४९३ पत्ते मावतात. म्हणजे नोंदींची पानं पावणेआठ एमबीच्या आसपास जाईपर्यंत झाड दोन पातळ्यांवर भागवून नेतं. त्यापुढे तिसरी पातळी येते, एका आजोबाखाली अनेक बाप बसतात, आणि एका बापाच्या शेवटच्या पानापाशी आलं की शेजारच्या बापाकडे जायला आजोबांपर्यंत चढावं लागतं. माझा कोड एकच पायरी चढत होता. काकांच्या डब्यात लाखांनी फायली. त्यातली एक सीमा नेमकी त्या फोल्डरच्या मधून गेली होती. डीबगरमध्ये बघितलं तर यादी थांबली तिथे पानाचा शेवट होता, बापाकडे ४१७ पत्ते होते आणि आपण ४१६ व्या क्रमांकावर उभे. शून्यापासून मोजल्यावर तो शेवटचाच.

लिनक्सच्या कर्नलमधलं हेच काम करणारं फंक्शन मी त्या रात्री पुन्हा शांतपणे वाचलं. त्यात पातळी वाढवत नेणारा लूप आहे: या पातळीवर पुढचा पत्ता आहे का, नसेल तर वर, पुन्हा तोच प्रश्न, जास्तीत जास्त आठ पातळ्यांपर्यंत. आणखी एक गोष्ट त्यात आहे जी आमच्याकडे लागत नाही, पण वाचताना फार आवडली. ते आधी आपण धरलेली वाट सोडून देतं आणि शेवटच्या चावीने मुळापासून नव्याने शोधतं, कारण मधल्या क्षणात दुसऱ्या कुणी झाड बदललेलं असू शकतं. ज्या पानाचा शेवट आपण पाहिला त्यात तेवढ्यात नवी नोंद आलेली असू शकते. आमच्याकडे डिस्कवर कुणीच लिहीत नाही, त्यामुळे ती काळजी नाही. चढायची काळजी मात्र आमचीही होती.

दुसरा पॅच लिहायला सोपा वाटला. एका 'जर'च्या जागी लूप. वर चढत जा, जिथे पुढचा पत्ता मिळेल तिथे थांब, तो घे, आणि खाली उतर. काकांची प्रतिमा चालवली, १८,३५० आले असतील या खात्रीने पडद्याकडे बघितलं. आले होते १४,०८१. आधीपेक्षा थोडे जास्त आणि तरी चूक.

या वेळी मी अंदाज बांधत बसले नाही. झाडच वाढवायचं ठरवलं. बीटीआरएफएसचा नोड १६ केबीचा असलाच पाहिजे असं नाही, फाइल सिस्टिम बनवताना ४ केबीचाही करता येतो. मग एका नोडमध्ये १२१ च पत्ते मावतात आणि झाड लवकर उंच होतं. तसल्या प्रतिमेत दोन लाख रिकाम्या फायली टाकल्या, त्यातल्या मधूनमधून हजारो पुसल्या. चार पातळ्यांचं झाड झालं, ज्यात सीमा पावलोपावली होत्या. शिवाय वाचकाला प्रत्येक उतरणीला पातळी आणि स्लॉट, म्हणजे नोडमध्ये बोट कितव्या जागेवर आहे तो क्रमांक, छापायला लावलं.

छापलेल्या ओळींत चूक डोळ्यांत भरण्याइतकी ठळक होती. आजोबांकडे पुढचा पत्ता मिळाला की मी शेजारच्या बापाकडे उतरत होते, आणि पानाचा स्लॉट शून्यावर आणत होते. बापाचा नव्हते आणत. बाप नवा, बोट जुनंच. जुन्या बापाकडे शेवटच्या पत्त्यावर असलेलं बोट नव्या बापाकडेही त्याच क्रमांकावर जाऊन बसत होतं, आणि मधली सगळी पानं ओलांडली जात होती. नव्या बापाकडे तेवढे पत्ते नसतील तर पलीकडची शून्यं पत्ता म्हणून वाचली जात होती. वर चढून शेजारी गेल्यावर, खाली उतरताना लागणाऱ्या प्रत्येक पातळीवर पहिल्यापासून सुरुवात करायची. कर्नलच्या लूपमध्ये ही एक ओळ आहे, मी ती वाचली होती आणि तरी माझ्या हातून फक्त शेवटच्या पातळीला लागली. पहिल्या कोडमध्ये उतरायला एकच पातळी होती, त्याची सवय हाताला राहिली असावी.

तो दुरुस्त केल्यावर चार पातळ्यांच्या झाडावर एकूण एक फाइल आली. ताडणी जुळली. काकांच्या प्रतिमेवर १८,३५०. मग थप्पीचा आकार ५१२ वरून १ केला, २ केला, ३ केला, अशी रात्रभर वेगवेगळ्या आकारांनी यादी करवली, म्हणजे थप्पीचा शेवट प्रत्येक पानाच्या प्रत्येक जागी एकदा तरी पडेल. सगळ्यांचं उत्तर एक आलं. सहकाऱ्यांनी पॅच मंजूर करताना एकच बदल सुचवला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: 'पुढचं पान' आता तीन वेगळी उत्तरं देतं. मिळालं, झाड संपलं, आणि वाचता आलं नाही. आधी शेवटची दोन एकच होती. आणि ताडणी जुळली नाही तर हिरवी अक्षरं येत नाहीत; कोणत्या फोल्डरात अंदाजे किती कमी आहे ते लिहून येतं आणि खाली ठळक अक्षरांत, की मूळ डिस्क पुसू नका.

काकांची कॉपी नव्याने झाली. त्यांनी फोन करून सांगितलं की पाठवणीचा पहिला फोटो आधी उघडला. दुसऱ्या फोल्डरमधले ४,४४७ फोटो गेले होते हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते माझ्या पुतणीचं लग्न हो."

काम इथे संपत नव्हतं. हा कोड तीन वर्षं लोकांच्या डब्यांत होता. सपोर्टच्या नोंदींतून रेस्क्यू मोडने कॉपी केलेले अकरा ग्राहक निघाले आणि आम्ही ते वाटून घेऊन प्रत्येकाला फोन केले. आठ जणांकडे मूळ डिस्क अजून होती. त्यांना नवी आवृत्ती देऊन कॉपी पुन्हा करून दिली, त्यातल्या दोघांच्या फायली वाढल्या. तिघांनी डिस्क पुसलेली होती. त्यांच्या बाबतीत मूळ झाडच उरलं नव्हतं, ताडायला काही नव्हतं. पण थप्पीच्या बगने एक खूण मागे ठेवली असणार होती: ज्या फोल्डरात यादी तुटली असेल तिथल्या फायलींची संख्या ५१२ च्या पाढ्यातली असेल. मी तिघांनाही मोठ्या फोल्डरांचे आकडे मागितले. दोघांचे आकडे पाढ्याबाहेरचे. त्यांना मी हेही सांगितलं की बापाच्या सीमेवर तुटलेली यादी अशी खूण ठेवत नाही, त्यामुळे पूर्ण खात्री देता येत नाही.

तिसरे नाशिकचे, व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणारे. बिलं स्कॅन करून ठेवतात. एका फोल्डरात २,०४८ फायली.

"त्या फोल्डरात शेवटची तारीख कोणती दिसते?" मी विचारलं. यादी फाइल ज्या क्रमाने आली त्या क्रमाने होते, म्हणजे जे गेलं असेल ते शेवटाकडचं.

त्यांनी शोधून सांगितलं, "ऑगस्ट. मार्चपर्यंत हवी होती."

कागदी बिलं माळ्यावर पोत्यांत बांधून ठेवलेली होती. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं स्कॅनर घेऊन नाशिकला गेलो.